इथे काहीही लावू नये

बाई, तुमच्या शोकसभेत मी मोठ्यानं हसलो. माफी मागायला लिहीत नाही. कामून हसलो ते तुम्हालाच कळंल, म्हणून सांगतो.

गेल्या रविवारी गारखेड्यातल्या हॉलात सभा होती. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. पुढं टेबलावर तुमचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार, अन् खुर्च्यांवर निम्मी एमआयडीसी. रिटायर झालेले, टक्कल पडलेले, काठी टेकत आलेले सगळे आपलेच लोक. सभा सुरू व्हायच्या आधी एका साहेबानं हॉलच्या रखवालदाराला हळूच सांगितलं, "अहो, ती समई लावा. अन् तो दरवाजा लावून घ्या, एसी लावलाय."

झालं! एका दमात तीन 'लाव'. एक पेटवायचा, एक बंद करायचा अन् एक चालू केलेला. त्या रखवालदारानं तिन्ही बिनचूक समजून घेतले. मला आतून अशी उकळी फुटली की काय सांगू. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी आवाज निघालाच. पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. तुमच्या लेकीनं, मुक्तानं पण बघितलं, अन् ओढणी तोंडाला लावून पोरीचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं रडतीय.

तोंडाला लावून! बघा, लिहिताना पण सुटत नाही हा शब्द. तुम्ही असता तर खडूचा तुकडा फेकून मारला असता.

पण हसता हसता माझे डोळे भरले, ते पण खरं. कारण तुम्ही मला शेवटचा बोललात तो शब्द हाच. "लाव." काय लावायचं होतं ते मला त्या दिवशी काही केल्या कळलं नाही. तुमचं शेवटचं सांगणं मला समजलं नाही, ही बोच घेऊन मी त्या सभेत बसलो होतो. भाषणं झाली. तुम्ही किती कारखान्यांना पाण्या-वाफेचे वाल दिले, बायका ड्रॉइंग बोर्डापुढं दिसत नव्हत्या तेव्हा तुम्ही कशा उभ्या राहिलात, सगळं सांगून झालं. मला दोन मिनिटं दिली होती. मी माईकपुढं गेलो, "बाई लई मोठ्या होत्या" एवढं म्हणालो अन् खाली बसलो. दोन मिनिटांत काय होतंय? तुमच्यासंगं सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी भांडणात.

आपली ओळखच गैरसमजातून झाली. दुष्काळाचं साल होतं. बिडकीनच्या माळावर मेंढरांना काडी राहिली नव्हती. बापानं कळप विकला अन् मला म्हणाला, "आता तू लोखंड राख." आयटीआय झालेलं होतं, म्हणून चिकलठाण्याच्या कंपनीत टेस्टिंगला चिकटलो. आठ दिवसांनी तुम्ही आलात, नव्या डिझाईन इंजिनियर. सुती साडी, पायात बूट, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. शॉपमध्ये उभ्या राहून विचारलंत, "इथले कारभारी कोण?"

मी म्हणालो, "मीच."

खोटं कुठं बोललो? बापानं नावच कारभारी ठेवलंय. तुम्ही मला शॉपचा मुख्य समजलात. अर्धा घंटा ड्रॉइंग उलगडून दाखवलंत, "आपलं काय मत?" म्हणून विचारलंत. मी आपला व्हय व्हय करत मान हलवत होतो. तेवढ्यात मालक आले अन् ओरडले, "कारभाऱ्या, झाडून काढलं का रे?" तुमचं तोंड बघण्यासारखं झालं. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे, कधी बोललो नाही. चूक कळल्यावर सुद्धा तुम्ही मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं नाही. त्या वक्ताला कंपनीत मला 'तुम्ही' म्हणणारं दुसरं कोणीच नव्हतं.

घरी सांगितलं तर हौसा फुगून बसली. आमच्याकडं बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणून हाक मारती. "ती शहरातली बाई माझ्या हाकेनं तुम्हाला बोलावती व्हय? चांगलंय!" दुसऱ्या दिवशी कान लाल करून मी तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही हसून हसून टेबलाला धरलंत. तेव्हापासून मी 'कारभारीभाऊ' झालो. हौसानं त्याच आठवड्यात तुमच्यासाठी बाजरीची भाकरी अन् ठेचा बांधून दिला. पहिल्या घासाला तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तुम्ही डबा चाटून पुसून परत केलात. हौसा म्हणाली, "बाई चांगली हाये."

वाल म्हणजे काय, हे नव्या माणसाला तुम्ही किती सोपं सांगायचात. नळाची तोटी माणूस फिरवतो, आपल्या वालाची तोटी हवा फिरवते. कारखान्यात पाणी, वाफ, तेल किती जाऊ द्यायचं ते यंत्र ठरवतं, तेवढा हवेचा दाब धाडतं, अन् वाल तेवढाच उघडतो. एवढंच. "एवढंच" म्हणायचात अन् त्या एवढ्याशासाठी एकेक ड्रॉइंग नऊ-नऊ वेळा खोडायचात.

अन् मग तो दिवस उजाडला. मला नोकरीत तीन महिने पण झाले नव्हते. टँकर पंधरा दिवसांतून एकदा यायचा, त्या हौदभर पाण्यावर सगळे वाल तपासायचे. एका औषधाच्या कारखान्याचे इन्स्पेक्टर आले होते. तरुण माणूस, पांढरा शर्ट, पांढरी पँट, इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. पंप चालू होता, दाबाचा काटा चढत होता. तुम्ही जाळीच्या पलीकडून ओरडलात, "कारभारीभाऊ, खालचा वाल लावा!"

तुम्ही शहरात वाढलेल्या. तुमच्या घरी दार लावतात, खिडकी लावतात. तुमचा लाव म्हणजे बंद कर. माझ्या कानात दुसरंच बसलेलं. आमच्या शेजारच्या मळ्यात लाईट आली की सगळे बोंबलायचे, मोटर लाव, मोटर लाव! आमचा लाव म्हणजे चालू कर, पाणी येऊ दे. मी खालचा वाल पुरा सोडला.

पाणी गेलं ते थेट इन्स्पेक्टर साहेबांच्या छातीवर. साहेब मागं सरकत सरकत भिंतीला टेकले. तुम्ही ओरडताय, "लावा! अहो लावा!" अन् मी वालाच्या चाकाला लोंबकळून ओरडतोय, "लावलाय की बाई! पुरा लावलाय!" पंप थांबेपर्यंत पंधरा दिवसांचा हौद अंगणात वाहून गेला. शेजारच्या कंपनीतल्या बाया घागरी घेऊन पळत आल्या, पण तोवर पाणी जमिनीनं पिऊन टाकलं होतं.

मालकांनी तिथंच सांगितलं, याला घरी पाठवा. मी सामान उचलायला वळलो पण होतो. बापानं कळप विकून मला लोखंड राखायला धाडलं, अन् मी तीन महिन्यांत माघारी! तुम्ही मधी आलात. साडी चिंब, अंबाडा सुटलेला. म्हणालात, "यांची चूक नाही. मी लावा म्हणाले, यांनी लावला. चूक शब्दाची आहे. काढायचंच असेल तर शब्दाला काढा."

अन् खरंच काढलात. दुसऱ्या दिवशी पेंटरकडून बोर्ड रंगवून आणला, टेस्टिंगच्या भिंतीवर ठोकला: 'इथे काहीही लावू नये.' बाहेरच्यांना वाटायचं पोस्टर-बिस्टर चिकटवायला मनाई आहे. एक हार्डवेअरवाला दिवाळीला कॅलेंडर घेऊन आला, बोर्ड वाचला अन् कॅलेंडर काखेत मारून गुपचूप परत गेला.

मग सुरू झाली आमची फजिती. ग्रीस लाव म्हणायचं नाही, ग्रीस भर. साबणाचं पाणी लाव नाही, चोपड. फोन लाव नाही, फोन फिरव. ज्याच्या तोंडून शब्द निसटला त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. एकदा तुम्हीच तावातावानं म्हणालात, "जरा डोकं लावा रे!" अन् सगळी शॉप गप उभी. तुम्ही जीभ चावलीत अन् स्टोव्हकडं गेलात. तुमचा तो चहा! वाल लई चांगले करायच्या तुम्ही, बाई. चहा मात्र आम्ही नाईलाजानं प्यालो.

पण 'लाव'च्या जागी म्हणायचं काय, हे भांडण आपलं मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, 'उघडा' अन् 'मिटा'. माझं म्हणणं, 'सोडा' अन् 'आवळा'. "मिटतात डोळे, मिटती छत्री," मी म्हणायचो. "आवळतात तो गळा," तुम्ही म्हणायचात. शेवटी दोन्ही चालवले, कारण दोन्हींत घोटाळा नव्हता. तुमच्या बाजूचे लोक मिटायचे अन् माझ्या बाजूचे आवळायचे.

त्या भिजलेल्या दिवसानं तुम्हाला एक खोड मात्र जडली. कोणतंही नवं काम आलं की पहिला प्रश्न: "हवा गेली तर?" माणसाचं ऐकण्यात चुकलं, लाईट गेली, हवेचा पाइप फाटला, तर वाल कुठं उभा राहणार? काही वाल हवा गेली की आपोआप उघडतात, काही बंद होतात. स्प्रिंग कुठल्या बाजूला बसवली त्यावर सगळा खेळ. बॉयलरच्या पाण्याचा वाल उघडलाच पाहिजे, नाहीतर बॉयलर कोरडा पडून फुटंल. जळणाचा वाल बंदच झाला पाहिजे. तुम्ही कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात आधी हे उत्तर लिहायचात अन् मग वाल काढायला घ्यायचात. "सगळं सुरळीत असताना सगळेच शहाणे असतात, कारभारीभाऊ. हवा गेल्यावर वालाचा स्वभाव कळतो." माणसांचा पण कळतो, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मी ऐकलं.

वर्षं गेली. तुम्ही गारखेड्यात प्लॉट घेतला तेव्हा आम्ही हसलो होतो, एवढ्या लांब ज्वारीत कोण राहतं? बघता बघता ज्वारी गेली, तुमच्या घराच्या चारी बाजूंनी बिल्डिंगा चढल्या. कारखाने वाळूजकडं पसरले. शहर मोठं झालं अन् पाणी तेवढंच राहिलं. जगाला वाल देणाऱ्या बाईच्या घरच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, अन् त्या दिवशी तुम्ही सुट्टी टाकून बादल्या भरायचात. मी चिडवायचो, "बाई, आधी घरचा वाल सोडा!" तुम्ही म्हणायचात, "तो माझ्या हातात नाही, म्हणून तर दुसऱ्यांचे नीट करते."

अन् परत दुष्काळ आला. धरण मृतसाठ्यावर गेलं, पाणी यायचं ते गढूळ. तेव्हाच मालकांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर काचेपाशी उभा राहून बघत अन् ऐकत होतो. एक मोठी परदेशी कंपनी म्हणत होती, आमच्या ड्रॉइंगवर आमचे वाल बनवून द्या, तुमचं डिझाईन सेक्शन कशाला पाहिजे? मालक वाईट नव्हते, दमलेले होते. म्हणाले, औषधवाल्यांच्या वालाचं एक काम आलंय. तो आपल्या ड्रॉइंगचा वाल पास झाला तर तुमचा ड्रॉइंग बोर्ड राहील. नाही झाला तर बोर्ड काढून तिथं पॅकिंगचं टेबल टाकू.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. तुम्हाला त्याआधी घाबरलेलं बघितलं नव्हतं मी.

काम अवघड होतं. त्यांचं औषधाचं भांडं तापायचं, त्याला थंड ठेवायला पाणी फिरवायचं. हवा गेल्यावर वाल उघडला तर दुष्काळात टाकीतलं सगळं पाणी वाहून जाणार. बंद झाला तर भांडं तापून माल जळणार. तुम्ही तीन दिवस कोऱ्या कागदापुढं बसून होता. "उघडा की बंद, कारभारीभाऊ? दोन्हीत नुकसान आहे."

मी म्हणालो, "दोन्ही कामून पाहिजेत? राखणारा मेंढका जरा नजरेआड झाला तर चांगला कळप पुढं पळत नाय की मागं फिरत नाय. जाग्यावर उभा राहतो."

तुम्ही कोरा कागद पुढं ओढलात. मग अंबाड्यातली पेन्सिल काढलीत. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंत: जागेवर.

"जाग्यावर," मी म्हणालो.

"शुद्ध शब्द जागेवर आहे."

"आसंल. पण माझी मेंढरं जाग्यावरच उभी राहायची."

तुम्ही पेन्सिल हलवून मला पिटाळलंत, पण त्या दिवसापासून तुमचा रंग परत आला.

तसले वाल जगात होते, हे तुम्हीच सांगितलं होतं. बाहेरून यायचे, महाग पडायचे, यायला महिनोन् महिने लागायचे. आपल्याला आपला करायचा होता. वालाच्या डोक्यावर एक छोटं कुलूप बसवायचं, बाहेरची हवा गेली की आतली हवा कोंडून धरणारं. ऐकायला सोपं. पण वाल पाच मिनिटांत केसभर खाली सरकायचाच. कुठून तरी हवा निसटत होती. तीन महिने आपण ती शोधली. शेवटी एका सकाळी साबणाचं पाणी चोपडताना मला दिसला, नळीच्या एका जोडाखाली सुईच्या टोकाएवढा बुडबुडा. तुम्हाला हाक मारली. तुम्ही गुडघ्यावर बसून तो बुडबुडा बघितलात, उठलात, अन् बोर्डावर जाऊन तो जोडच खोडून टाकलात. नळी एकसंध केलीत. "जोडच नाही तर गळेल कुठून?" एवढ्या साध्या गोष्टीला तीन महिने, अन् तरी त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना स्वतः होऊन चहा केलात.

टेस्टचा दिवस आला. हौदात एकच टँकर, त्याच पाण्याचा थेंब थेंब आपण उन्हाळाभर फिरवून फिरवून वापरला होता. अन् इन्स्पेक्टर म्हणून कोण आले? तेच! आता केस पिकलेले, मोठे अधिकारी झालेले. अन् दुष्काळाच्या वैशाखात, आभाळात ढगाचं नाव नाही, तरी साहेबांच्या हातात उघडलेली छत्री! छत्री उघडूनच शॉपमध्ये शिरले. मला ओळखून म्हणाले, "तुम्ही अजून इथंच का?" मी म्हणालो, "साहेब, मी जाग्यावर."

पाणी सुरू झालं. वाल अर्धा उघडा ठेवला. मी त्याच्या दांड्यावर निळ्या शाईची बारीक रेघ मारली, हवा तोडल्यावर ती हलायला नको. तुम्ही हवा तोडायला हात वर केला होता, खाली यायचा होता, तेवढ्यात फाडदिशी आवाज झाला. हवेचा मोठा पाइपच फाटला. धूळ उडाली, काही दिसंना. साहेब छत्री पुढं धरून ओरडायला लागले, "वाल लावा! अहो, वाल लावा!"

बाई, तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. शॉपमध्ये आम्ही आठ जण होतो. एकाचाही हात हलला नाही. साहेब ओरडतायत, लावा, लावा, अन् आम्ही आपापल्या जाग्यावर उभे. कारण त्या भिंतीच्या आत त्या शब्दाला अर्थच नव्हता! इतक्या वर्षांत तुम्ही तो आमच्या हातापायांतून काढून टाकला होता. दुसऱ्या कोणत्या शॉपमध्ये हे झालं असतं तर चार जण धावले असते, दोघांनी उघडला असता, दोघांनी बंद केला असता.

धूळ बसली. सगळे त्या रेघेकडं बघायला लागले. रेघ जिथं मारली तिथंच होती. पाणी तेवढंच वाहत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा घंटा. साहेबांनी वाकून भिंगातून रेघ बघितली. मग छत्री मिटली. छत्री मिटली, बरं का, इथं तुमचाच शब्द बरोबर आहे. म्हणाले, "मॅडम, वाल जागेवर आहे. अन् तुमची माणसं पण."

मी जोरात म्हणालो, "जाग्यावर, साहेब!" तुम्ही डोळे वटारलेत, पण हसू तुमच्या पोटात मावत नव्हतं. मालकांनी स्वतः तुमचा ड्रॉइंग बोर्ड फडक्यानं पुसला. जिंकलो होतो आपण, बाई. आपल्या कागदावर, आपल्या हातानं, एका हौद पाण्यात.

मग तो वाल कुठं कुठं गेला! साखर कारखाने, कागदाचे कारखाने, समुद्रापलीकडं सुद्धा. तुम्ही त्याला नाव दिलं 'जेडब्ल्यू'. परदेशातल्या एका इंजिनियरनं विचारलं होतं, जेडब्ल्यू म्हणजे काय? तुम्ही कळवलंत, आमच्या भाषेत याचा अर्थ, जिथं असेल तिथं उभा राहणारा. दोन अक्षरांत तुमचा जागेवर पण बसला अन् माझा जाग्यावर पण. लई हुशार होता तुम्ही.

पण ऑपरेटरांसाठी वालावर मराठी पाटी बसवायची ठरली, तेव्हा तिच्यावर तुम्ही छापून घेतलंत, 'हवा गेल्यास: जागेवर.' मी काही बोललो नाही. आज बोलतो. मला लागलं होतं, बाई. तो शब्द माझ्या बापाच्या माळावरचा. तुम्ही त्याला आंघोळ घातली, भांग पाडला अन् मग पाटीवर बसवला. तुम्ही म्हणालात, पाटी सगळ्या महाराष्ट्रात जाते, भाषा शुद्ध पाहिजे. मी तीन दिवस तुमच्याशी कामापुरतं बोललो. तुम्हाला वाटलं माझी दाढ दुखतीय. लवंग आणून दिलीत.

आपण दोघं रिटायर झालो तरी महिन्यातून एकदा मी तुमच्याकडं यायचोच. मागच्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द गेले. मी येऊन बसायचो, बोलायचो मी एकटाच. शेवटच्या खेपेला तुम्ही माझा हात धरला अन् लई जोर करून म्हणालात, "लाव." पुरा 'लावा' पण निघाला नाही.

मी पंखा लावला. तुम्ही मान हलवली. दार लावलं. नाही. दिवा लावला, टीव्ही लावला, उशाला उशी लावली. नाही, नाही, नाही! तुम्ही डाव्या हातानं गादीवर चापट मारत होता अन् टेबलाच्या खणाकडं बघत होता. मी खणातून औषधाची ट्यूब काढून विचारलं, ही लावू? तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी म्हणालो, "बाई, उभा जन्म ज्या शब्दावर बंदी घातली, तोच तेवढा कामून राहिला तुमच्याकडं?" तेव्हा तुम्ही हसलात. आवाज नाही, पण सगळं अंग हसलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं. मग मी निघालो. परत भेट झाली नाही.

सभा संपल्यावर मुक्तानं मला बाजूला घेतलं. खणातलं एक पाकीट हातात दिलं, वर माझं नाव. आजारी पडायच्या आधीच तुम्ही ते तयार करून ठेवलं होतं. आत तळहाताएवढी स्टीलची पाटी, अक्षरं खोल कोरलेली: 'हवा गेल्यास: जाग्यावर.' सोबत जेडब्ल्यूच्या जुन्या ड्रॉइंगची प्रत, तुमच्या हातची. कोपऱ्यातल्या 'जागेवर'वर काट मारलेली, वर 'जाग्यावर' लिहिलेलं. ड्रॉइंगमध्ये काही बदललं तर कारण लिहायला एक रकाना असतो. तिथं तुमच्या सरळ, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मूळ शब्द कारभारीभाऊंचा. माझी चूक दुरुस्त.' खाली सही.

दाढ दुखत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं तर.

मी तिथं हॉलच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. अन् मग कळलं काय लावायचं होतं ते. पंखा नाही, दार नाही, दिवा नाही.

आज सकाळी स्कूटर काढली अन् बिडकीनला गेलो. त्या औषधवाल्यांनी तिकडच्या नव्या एमआयडीसीत कारखाना टाकलाय. आपला पहिला वाल त्यांनी भंगारात दिला नाही, दुरुस्त करून तिथंच बसवलाय, माझ्या बापाची मेंढरं चरायची त्या माळावर. गेटवर विचारलं, कोण आपण? म्हणालो, कारभारी. कुठले कारभारी? म्हणालो, वालाचे. आतला मेंटेनन्सचा इंजिनियर तुमच्या हाताखाली शिकलेला निघाला, तोच घेऊन गेला.

वाल चालू होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला अन् मूठ माझ्या कानाला, तुम्ही ऐकायचात तसं ऐकलं. खडखड नाही, कुरकुर नाही. पाणी सरळ चाललं होतं. मी जुनी पाटी काढली, पुसून खिशात ठेवली, ती माझ्याकडंच राहू द्या. नवी बसवली अन् दोन रिव्हेट ठोकले. मागून इंजिनियरनं विचारलं, "काका, काय करताय?"

"पाटी लावतोय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कोणी खडू मारला नाही.

लावली, बाई.